मोकळं बोला : काकणं चढेनात, तिथनं सुरू झालेली गोष्ट

गेल्या महिन्यात या पानावर मी माझ्या आमवाताबद्दल, म्हणजे डॉक्टर लोक ज्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात त्या दुखण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, आणि तुमच्यापैकी कुणाला हे असेल तर तुमची गोष्ट कळवा म्हटलं होतं. पत्रं आली, निपाणीकडनं, खानापूरकडनं, चिकोडीकडनं, बेळगावातनं तर बरीच. पण गंमत बघा, रोगाबद्दल विचारणारे कमी आणि सांगण्याबद्दल विचारणारे जास्त. कुणाला सांगू, किती सांगू, नाव घालू का, घरचे नको म्हणतात तर काय करू. म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. मी डॉक्टर नाही, शाळेत मराठी शिकवायची, १७ वर्षं हे दुखणं घेऊन जगतेय आणि औषधावर बरी आहे, तेवढ्याच हक्कानं लिहिते.

बाई, तुम्ही म्हणता गोष्ट सांगा. पण माझ्या गोष्टीत सांगण्यासारखं काय आहे? हात सुजले, दुखले, डॉक्टरकडं गेले, गोळ्या घेते. ह्यात कुणाला काय फायदा होणार?
एक वाचक, शहापूर, बेळगाव

ताई, माझी गोष्ट सांगते, मग तुम्हीच ठरवा. १७ वर्षांमागं नागपंचमीच्या आधी मी नेहमीसारखी खडेबाजारात काकणं भरायला गेले होते. माझं माप दोन-चार, वर्षानुवर्षं तेच. कासारीणबाईनं हात धरला, बोटांच्या मुळाशी ज्या गाठी असतात त्या चारही एकत्र दाबल्या, जसं सगळ्याच काकणवाल्या करतात, आणि मी भर दुकानात ओरडले. तिनं दोन-सहा काढलं, तेही चढेना. मग तिनं दुसरा हात बघितला आणि म्हणाली, बाई, हातावर मांस तर वाढलेलं नाही, ह्या गाठी फुगल्यात, दोन्ही हाताच्या सारख्याच फुगल्यात, दाखवून घ्या कुणाला तरी.

मी दाखवलं नाही. शाळेचं काम, घरचं काम, त्यात पावसाळा, वाटलं गारठ्यानं झालं असेल. सकाळी उठल्यावर बोटं अशी ताठ असायची की चहाचं आधण ठेवायला पातेलं दोन्ही तळव्यात धरून उचलायचे, आणि भाकरी थापायला बसेपर्यंत म्हणजे तास सव्वातास झाला तरी बोटं मोकळी व्हायची नाहीत, पण दुपारी शाळेत खडू धरता यायचा म्हणून मग मलाच वाटायचं सकाळचं काही खरं नव्हतं. मलम झालं, दुखण्याच्या गोळ्या झाल्या, युरिक ॲसिड तपासून झालं, कॅल्शियमची इंजेक्शनं झाली, एका दवाखान्यात तर पाळी जायच्या वयात असं होतंच म्हणून परत पाठवलं. १४ महिने गेले असे. शेवटी मिरजेला एका संधिवाततज्ज्ञांकडं पोचले आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? माझ्या बोटांच्या मुळाच्या चारही गाठी एकत्र दाबल्या. तोच दाब, तीच जागा. ती डॉक्टरांची एक तपासणी असते, सांधे आतनं सुजलेत का बघायची. कासारीणबाईनं १४ महिने आधी केलेली.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं आता थोडी वाकडी आहेत आणि ती सरळ होणार नाहीत. औषधानं पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं आहे की सूज सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांच्या आत माणूस तज्ज्ञापर्यंत पोचावा आणि गरज असेल तर ३ महिन्यांच्या आत खरं औषध सुरू व्हावं. आपल्याकडं ६ आठवडे तर शेजारणीनं सांगितलेला लेप लावण्यातच जातात.

म्हणून ताई, तुमच्या गोष्टीत सगळ्यात किमतीचा भाग तोच आहे जो तुम्हाला साधा वाटतोय. तुमचं पहिलं काय अडलं? वेणी घालता येईना, का पिळा घालून लुगडं पिळता येईना, का नळाची तोटी फिरेना, का ब्लाउजची हुकं लागेनात? कुठला महिना होता? किती दिवस तुम्ही कुणाला बोलला नाहीत? हे सांगा. ऐकणाऱ्या बाईला आमवात हा शब्द कळला नाही तरी काकणं चढेनात हे कळतं, आणि ती रात्री घरी जाऊन स्वतःची मूठ मिटून बघते.

बाई, मी निपाणीजवळच्या गावची. वीस वर्षं झाली विड्या वळतो. तीन वर्षामागं दोन्ही हाताची बोटं सुजायला लागली, सकाळी मूठ मिटत नव्हती, मला वाटलं पानं कातरून कातरून झालं असंल. आता निदान झालंय, गोळ्या चालू हायेत, बरं हाय. बचत गटात सांगावं म्हणतो, कारण दोघीतिघी माझ्यासारख्याच बोटं चोळत बसतात. पण सासूबाई आणि मालक म्हणतात पोरगी लग्नाची हाय, बाहेर बोलू नको, लोकं म्हणतील रोग घराण्यात हाय. काय करू सांगा.

आक्का, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी पोरीचं बोलू, कारण सगळं तिथं अडलंय.

हा रोग एकमेकाला लागत नाही, एका ताटात जेवून नाही, एका घरात राहून नाही. यात आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्या सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते, आणि ते अस्तर सुजून जाड होतं, मग हाडाला खातं. घराण्याचा थोडा भाग असतो, ते खोटं सांगायचं नाही, आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त. पण थोडीच. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी असतात ना, एकाच रक्तामांसाच्या, त्यांच्यात एकीला आमवात झाला तरी बहुतेक वेळा दुसरीला होत नाही. हे सासूबाईंना सांगा, जुळ्यांचं उदाहरण लगेच पटतं.

विड्या वळून हे झालं असंही मनात ठेवू नका. कामानं हात दुखला तर तो आराम केला की हलका होतो आणि जो हात जास्त वापरतो तोच जास्त दुखतो. आमवाताचं उलट, रात्रभर आराम करून उठलं की जास्त ताठ, दोन्ही हात सारखेच, आणि हालचाल करत गेलं की हळूहळू सैल. हा फरक तुमच्या शेजारी बसून सुपात विड्या रचणाऱ्या बायकांना तुमच्याइतका चांगला कुणीच सांगू शकणार नाही, कारण त्या सगळ्याच स्वतःच्या बोटांचं खापर कामावर फोडत बसलेल्या असणार. हां, विडी ओढणं मात्र वेगळं. तंबाखू ओढणाऱ्याला हा रोग व्हायचा धोका वाढतो, झाला तर जोरात होतो आणि औषधंही नीट लागू पडत नाहीत. घरात कुणी ओढत असेल तर तेही बोलायची ही संधी आहे.

आता पोरीचं नाव निघणार असेल तर तिला विचारा. सासूबाईंना विचारलं, मालकांना विचारलं, तिला विचारलं का? पत्रात ते कुठं दिसलं नाही मला. ती नको म्हणाली तर तिचा मान ठेवा, गटात उभं राहून बोलू नका. पण त्या दोघीतिघींना विड्या वळता वळता, बाजूला बसून सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. सांगणं म्हणजे माईक नव्हे की ओ. मी स्वतः पहिलं दीड वर्ष लपवलं, शाळेत पित्ताचं कारण सांगून रजा टाकायची, आणि त्या लपवण्यात इतकी ताकद जायची की दुखण्याला पुरायची नाही.

लग्नाआधी पाहुण्यांना सांगायचं का हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असणार. माझं मत सरळ आहे, आईला काय आहे ते सांगून टाकावं. जे घर तेवढ्यानं मागं सरतं ते उद्या पोरीला ताप आला तरी तोंड वाकडं करेल.

नमस्कार. आई ५२ वर्षांची, खानापूर तालुक्यात आमची भातशेती. पाच महिने झाले दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात, यंदा रोप लावायला वाकता आलं नाही. रक्त तपासलं, आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणून आमवात नाही असं सांगितलं. तुम्ही गोष्टी गोळा करता म्हणून लिहितोय, आईची गोष्ट यात बसते का?

दादा, गोष्टीचं नंतर बघू, आधी आईला संधिवाततज्ज्ञाला दाखवा. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही असं होत नाही, ज्यांना आमवात आहे त्यांच्यातल्या दर चार-पाच जणांत एकाचा तरी निगेटिव्ह असतो. आणि उलटही होतं, धडधाकट माणसाचा पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी नावाची दुसरी रक्ततपासणी आहे, सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी आहेत, पण सगळ्यात मोठी तपासणी म्हणजे हात हातात घेऊन सांधे दाबून बघणारा डॉक्टर. पाच महिने म्हणजे उशीर झालाय, अजून करू नका.

तुमच्या बाजूची माणसं कुणी बेळगावला येतात, कुणी गोव्याला जातात, कुणी कोल्हापूर-मिरजेला, आणि प्रत्येक ठिकाणी नवा कागद निघतो, जुना घरी राहतो. एक फाईल करा. पहिल्या पानावर तुमच्या हातानं लिहा, सूज कुठल्या महिन्यात, कुठल्या बोटापासून, सकाळी किती वेळ बोटं ताठ राहतात, कुठल्या गोळ्या झाल्या. रोप लावता आलं नाही हेही लिहा. डॉक्टरच्या समोर दहा मिनिटं मिळतात आणि आया तिथं गेल्या की म्हणतात, काही नाही, थोडं दुखतंय. ते पान आईच्या वतीनं बोलेल.

मी ५८ वर्षांचा, चिकोडी भागातला शेतकरी. माझे गुडघे, मनगटं, बोटं सगळं धरलं होतं, दोन वर्षं इंग्लिश औषध खाऊन वैतागलो. मग एकानं पुडी दिली, रोज एक, चार दिवसात चालायला लागलो. आता आठ महिने झाले, एकदम झकास. हीच खरी गोष्ट आहे, लोकांना पुडीवाल्याचा पत्ता द्यायला पाहिजे. तुम्ही छापणार का?

काका, तुम्ही चालायला लागला ते खरं आहे, मी त्यावर अविश्वास दाखवत नाही. पण पत्ता छापणार नाही आणि का नाही ते नीट सांगते, कारण तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी आमवातानं खिळलेल्या एका बाईला एक नवीन औषध टोचलं. थोड्याच दिवसांत ती बाई चालायला लागली. जगभर तिची गोष्ट गेली, सगळ्यांना वाटलं संपला आमवात, १९५० ला हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ते औषध म्हणजे कॉर्टिझोन, स्टिरॉइड. आणि मग पुढची गोष्ट यायला लागली, ती मात्र तेवढी गाजली नाही. तोंड सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, आणि औषध थांबवलं की दुखणं परत. स्टिरॉइड आजही देतात, मीही घेतलंय, पण कमी, मोजून, काही दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली.

लेबल नसलेल्या, चार दिवसात चालवणाऱ्या पुड्यांमध्ये हेच स्टिरॉइड सापडल्याचं पुन्हा पुन्हा उघड झालंय. तुमचा चेहरा आठ महिन्यांत गोल झालाय का? भूक वाढलीय? हातावर जरा लागलं की निळं पडतं? साखर, बीपी कधी बघितलं? यातलं काही असेल तर उरलेल्या पुड्या घेऊन या आठवड्यात डॉक्टरकडं जा. पण काका, हात जोडून सांगते, पुडी एकदम बंद करू नका. इतके महिने बाहेरनं स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं, आणि अचानक तोडलं की माणूस कोसळतो. ते हळूहळू उतरवावं लागतं.

माझ्याकडनं झालेली एक चूक इथं सांगते, आजवर कुठं लिहिली नव्हती. बऱ्याच वर्षांमागं एका हळदीकुंकवाला मी माझ्या दुखण्याबद्दल बोलले, उत्साहात पर्समधली गोळीची पट्टी पण दाखवली, ही बघा, हिनं मी उभी राहिले. एका बाईनं नाव लक्षात ठेवलं, दुकानातनं तीच गोळी आणली, चिठ्ठी कुणी मागितली नाही, आणि रोज एक खायला लागली. ती गोळी मेथोट्रेक्सेट होती. आमवातात ती आठवड्यातनं एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी, फक्त एकदा. रोज घेतली तर विष. त्या बाईचं तोंड आतनं सोलून निघालं, रक्तातल्या पेशी उतरल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचली ती. पण मी तिला भेटायला गेले तेव्हा तिच्या सुनेनं माझ्याकडं जसं बघितलं ते माझ्या डोळ्यापुढनं जात नाही.

गोळीचं नाव इथं मुद्दाम लिहिलंय, कारण तुमच्या घरी ती असेल तर पाकिटावर वार लिहून ठेवा मोठ्या अक्षरात, आणि ती घेताना रक्ताच्या, लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका, पोटात मूल राहायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात ती चालत नाही. तेव्हापासनं माझा नियम ठरलाय. मी सकाळ सांगते, काकणं सांगते, वाया गेलेले १४ महिने सांगते. औषध सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, डॉक्टरकडं घेऊन जाते तुला, चल.

काका, तुमच्या आठ महिन्यांची गोष्ट मी नक्की छापेन, डॉक्टरांना भेटून आल्यावर पुढचा भाग लिहून पाठवा.

आमच्या गणेशोत्सव मंडळाला यंदा आरोग्याचा विषय घ्यायचाय, माझ्या आत्याला आमवात आहे म्हणून मी हा सुचवला. वाकड्या झालेल्या हातांचे मोठे फोटो लावायचे आणि कुणीतरी प्रसिद्ध माणसाचं उदाहरण द्यायचं असं चाललंय. कसं वाटतं?
एक कार्यकर्ता, अनगोळ

बाळा, विषय घेतलास हेच मोठं आहे, बेळगावात गणपती बघायला जेवढी माणसं रात्रभर फिरतात तेवढी कुठल्या शिबिराला येणार नाहीत. फक्त वाकड्या हातांचे फोटो नकोत. बघणारी बाई आपला हात बघते, सरळ दिसतो, आणि मला काही नाही म्हणून निश्चिंत पुढं जाते, खरं तर तिचीच वेळ असते दाखवायची. सुजलेल्या गाठींचा फोटो लावा, अंगठी अडकून बसलीय असा, सरळ बोटांचा. आणि ज्याचा हात त्याला विचारून. हाताला तोंड नसतं म्हणून ओळखू येत नाही असं समजू नकोस, मनगटावरच्या गोंदणावरनं अख्खी गल्ली ओळखते.

प्रसिद्ध माणूस हवाच तर क्रिस्टियान बर्नार्ड, १९६७ साली केपटाऊनला माणसाचं हृदय बदलायची जगातली पहिली शस्त्रक्रिया करणारे. त्यांच्या हातांना हाच आमवात होता आणि शेवटी त्यापायी त्यांना ऑपरेशनं सोडावी लागली. पण मला विचारशील तर आरतीच्या आधी पाच मिनिटं आत्याला बोलू दे, तिची तयारी असली तर. खुर्ची ठेव तिला, खाली बसायला लावू नका, आणि स्टेजला पायऱ्या असतील तर खालीच उभी राहू दे. हा रोग बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो, बहुतेक तिशी ते साठीच्या मध्ये, म्हणजे आरतीला पुढं टाळ्या वाजवत उभ्या असणाऱ्याच त्या. टाळी वाजवताना दुखतं का, एवढं जरी आत्यानं विचारलं तरी पुरे. १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो, गणपतीत जमलं नाही तर तेव्हा करा.

मी बेळगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. माझ्या गावात निम्मी घरं मराठी, निम्मी कानडी. संधिवात म्हटलं की सगळेच म्हणतात आम्हाला पण आहे. कसं सांगायचं?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. संधिवात हा शब्द दोन्ही भाषांत चालतो आणि दोन्हीकडं त्याचा अर्थ एकच झालाय, दुखतंय. कीलु नोवु म्हणा नाहीतर सांधेदुखी म्हणा, सत्तरीच्या आजीचा झिजलेला गुडघा आणि पस्तिशीतल्या सुनेची सुजलेली बोटं एकाच पोत्यात जातात. म्हणून नावापासून सुरू करू नका. सकाळी उठल्यावर काय होतं, इथनं सुरू करा. आजीचा गुडघा सकाळी आखडला तरी बहुधा पंधरा-वीस मिनिटांत सुटतो आणि चालून चालून संध्याकाळी जास्त दुखतो. सुनेची बोटं तासभर सुटत नाहीत. भाकरी थापणं, रोट्टी बडवणं, दोन्ही घरात तेच काम, तेच विचारा.

तुमच्या गावात जिला आमवात आहे आणि औषधावर बरी आहे अशी एक मराठी आणि एक कानडी बाई शोधा, दोघींना विचारा येता का माझ्याबरोबर घरोघरी, एका दिवसाला चार घरं पुरेत. कानडी बाईला कानडीतच सांगू दे, मध्ये थांबवून भाषांतर करू नका, गोष्ट तुटते. आणि जिची बोटं दोन्हीकडं सुजलेली दिसतील तिच्या नावापुढं वहीत सूज सुरू झाल्याची तारीख विचारून लिहा, भेटीची नव्हे. ६ आठवडे तिथनं मोजायचे.